लाख माणसं आणि एवढंसं टेकाड

"मॅडम, पोथीत लाख हाय म्हनल्यावर लाखच लिवा," अप्पा म्हणाले.

मी टेकाडावर टेप गुंडाळत होते. अप्पा म्हणजे पाथरी तालुक्यातल्या या गावच्या महादेव संस्थानाचे अध्यक्ष. टेकाड म्हणजे पांढर. जुनं गाव वसलं, पडलं, पुन्हा वसलं, त्यातून उंच झालेली जागा. ही माती पिकाला चांगली म्हणून लोक ट्रॉल्या भरून नेतात. अर्धं टेकाड असंच शेतांत पसरलं होतं. उरलेलं वाचवायला संरक्षणाचा प्रस्ताव लिहायचा होता. पुरातत्त्व खात्यातलं माझं पहिलं स्वतंत्र काम.

जमीन संस्थानाची, म्हणून अप्पांची सही हवी. त्यांची अट एकच: देवळातल्या जुन्या पोथीत आहे तसं, प्राचीन नगरात लाख माणसं राहत होती, हे प्रस्तावात यायला हवं.

"लाख लिहिलंस तर फाईल पहिल्याच टेबलावरून परत येईल," ऑफिसातून माझे सर फोनवर म्हणाले. "काढ ते."

जुन्या वस्तीची लोकसंख्या काढताना आम्ही तिचा पसारा मोजतो, घरं किती दाट होती ते भिंतींच्या खुणांवरून ठरवतो, पाणी किती जणांना पुरलं असतं ते बघतो. गेलेली माती धरूनही माझा अंदाज दोन हजारांपुढे सरकेना. अप्पांना हे सांगायचा मला धीर होईना.

"जेवून जावा," ते म्हणाले. "आज भंडारा हाय."

देवळामागे गेले आणि जागीच थांबले. जीप, टेम्पो, ट्रॉल्या. पंगत उठायच्या आत दुसरी उभी. एवढी माणसं या गावात नव्हतीच!

"तुम्ही इथल्याच का?" पंगतीत बसल्यावर मी शेजारच्या काकूंना विचारलं.

"न्हाई ओ, नदीपल्याडच्या. सगळ्या गावांना चूलबंद आवतण असतंय. आज घरी चूल पेटवायची न्हाई, समद्यांनी इथंच जेवायचं. भात घ्या की, किती लाजायलाव!"

भात तसाच राहिला. मी मोबाइलमधला पोथीचा फोटो उघडला. अप्पा नेहमी लाखाची एकच ओवी म्हणून दाखवायचे. मी तिच्या आधीच्या ओव्या अक्षर लावत वाचल्या. राजाचं अन्नदान. थंड चुली. चारी दिशांनी आलेली माणसं. आणि मग लाख!

अप्पा बुंदी वाढत होते. मी तिथेच उठून उभी राहिले. "अप्पा, लाख माणसं राहत नव्हती. जेवायला आली होती!"

"म्हंजी पोथी खोटी म्हनायलाव?"

"नाही. लाख हे मोजून लिहिलं नसेल, पण माणसं पुष्कळ होती. गाव मात्र एवढंच होतं."

अप्पांनी टेकाडाकडं पाहिलं, मग पंगतीकडं. "एवढ्याशा गावानं लाखाला वाढलं?" त्यांच्या मिशा हलल्या. "आरं, हे तर लय मोठं झालं! आना कागद. अन् बसा खाली, बुंदी घ्या."

प्रस्ताव मंजूर झाला. टेकाडाला कुंपण पडलं, ट्रॉल्या थांबल्या. आकडा खरा की खोटा हे ठरवण्याआधी तो कशाचा आहे ते विचारावं, हे आम्हाला फर्स्ट इयरलाच शिकवलं होतं. मला त्या पेपरात मार्कही चांगले होते.