बिनशेपटीचं बीज

रोहिणखेडचा निवृत्ती बुलढाण्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. तिथले डबीर सर कोंबड्यांच्या खुराड्यातले गोचिडासारखे बारीक किडे फाडून त्यांतल्या नराचं बीज सूक्ष्मदर्शकाखाली बघत आणि निवृत्तीलाही दाखवत. "बघ, याला शेपूट नाही, हे पोहत नाही. तरी पिल्लांचा सुकाळ!"

निवृत्तीच्या घरी मात्र पाळणा हलला नव्हता. गाव त्याच्या बायकोला, कोकिळेला, वांझोटी म्हणे. गावाला काय, तोंड फुकटचं. एका रविवारी प्रयोगशाळा रिकामी बघून त्याने स्वतःचं बीज काचेवर घेतलं आणि डोळा लावला. बीज भरपूर होतं, पण हलत एकही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. किड्याचंही असंच तर असतं! म्हणजे खोट कोकिळेतच. त्याने तिला दुसरबीडला माहेरी घालवून दिलं आणि आशाला दुसरी बायको म्हणून घरात आणलं.

वर्षं गेली. आशाचीही कूस उजवेना. एकदा काचा धुता धुता त्याने सहज विचारलं, "सर, माणसाचंबी असंच निपचित रायते ना?"

"छे रे! माणसाच्या बीजाला शेपूट असतं, ते सळसळ पळतं. निपचित पडलं असेल तर समज, मेलेलं."

निवृत्तीने हातातली काच पुसून डब्यात ठेवली.

संध्याकाळी आशा आत भाकरी थापत होती. ओट्यावरून माय म्हणाली, "हेबी वांझच निंगाली रे. इलेबी घालून दे माहेरी. तिसरी पाहू."

निवृत्तीने एकदा आत पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "हाव."