हाकेशिवाय होडी नाही

लग्नानंतर पहिल्यांदा एकटा सासुरवाडीला निघालो, तेव्हा खाडीच्या धक्क्यावर उभा राहून मी रुमाल हलवला. अंगात नवा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, आणि नव्या जावयाने मोठ्याने ओरडू नये अशी स्वतःच करून घेतलेली समजूत. पलीकडे होडी होती, होडीत माणूस होता, आणि त्या माणसाने मला पाहिलं. नीट पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानेही तो हलवला आणि परत खांद्यावर टाकला. मी पुन्हा रुमाल हलवला, त्याने पुन्हा टॉवेल. असा आमचा स्नेह बराच वेळ वाढत राहिला. पेढे उन्हाने एकमेकांना चिकटले, सदऱ्याची घडी गेली, तेव्हा मागून एक कोळीण आली, तिने टोपली खाली ठेवली आणि "ओ चाचाऽऽ" अशी आरोळी ठोकली. होडी लगेच सुटली. बसल्यावर मी जरा घुश्शातच विचारलं, "मी दिसलो नाही का तुम्हाला?"

"दिसलास की," ते म्हणाले. "मला वाटलं, ओळख दाखवतोस."

हाक मारल्याशिवाय जागचा न हलणारा असा माणूस पृथ्वीवर एकच निपजला आणि तो नेमका आमच्या खाडीच्या वाट्याला आला. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. माझी बायको त्यांच्या काठावरची, तिची वरात त्यांच्याच होडीतून अलीकडे आली, म्हणून मी त्यांचा जावई. माझं नाव त्यांनी आजवर विचारलेलं नाही. खाडी अरुंद आहे, या काठावर कोणाची चप्पल तुटली तरी त्या काठावर कळतं. रस्त्याने गेलं तर मात्र म्हसळ्याच्या एसटीसारखा डोंगराला वळसा. म्हणून चाचांशिवाय गत्यंतर नाही, आणि ते चाचांना पक्कं ठाऊक आहे. मेंदी लावलेली लाल दाढी, डोक्यावर पांढरी टोपी, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अशा थाटात ते होडीत बसून असतात. समोर माणूस दिसत असतो. पण दिसणं वेगळं आणि बोलावणं वेगळं, हा त्यांचा कायदा. एकदा सरपंच पांढऱ्याशुभ्र कपड्यांत धक्क्यावर उभे राहिले, शेजारी दोन कार्यकर्ते. कार्यकर्त्यांनी हाका मारल्या. चाचा आले, दोघांना घेतलं आणि निघाले. सरपंचांना शेवटी भर दुपारी तोंडाशी हात धरून ओरडावं लागलं. मुंबईच्या एका पाहुण्याने गाडीचा हॉर्न वाजवून पाहिला. "हॉर्न म्हशीला," चाचा नंतर त्याला म्हणाले. सख्ख्या मुलीच्या लग्नात नवऱ्याकडची मंडळी या काठावर येऊन थांबली, तेव्हा म्हणे फेट्याफुलांसकट नवरदेवालाच हाक मारावी लागली, आणि पहिली हाक बारीक पडली म्हणून दुसरी. आता त्यांच्याकडे मोबाइल आहे. मी एकदा शहाणपणाने धक्क्यावरून फोन लावला. समोर चाचांनी फोन कानाला लावला, माझ्याकडे बघत माझ्याशी प्रेमाने बोलले, बायकोची चौकशी केली आणि बसून राहिले. "अहो चाचा, या की मग!" "तू फोन मला केलास, जावई," ते म्हणाले. "होडीला कुठं केलास?"

आता आमच्या घराचा स्वभाव याच्या बरोबर उलटा. आम्ही नारळीच्या वाडीत दोन खोल्या बांधून पर्यटकांची राहण्या-जेवणाची घरगुती सोय करतो, आणि आमचा एकच अभिमान: पाहुण्याला काही मागावं लागत नाही. तो घसा खाकरायच्या आत पाणी, कपाळ पुसायच्या आत पंखा, पान रिकामं व्हायच्या आत भात. माणसाच्या नजरेवरून त्याला सोलकढी हवी की ताक, हे मी ओळखतो. चाचा मात्र आमच्याकडे आले की पाहुण्यांच्या देखत फर्मान सोडतात, "जावई, पाणी दे. गूळ दे. तो पंखा लाव." आणि मी आधीच पाणी पुढे केलं असलं, तर तांब्या बाजूला सरकवतात. "मी मागितलं न्हाय अजून." मग जरा थांबून, "आता दे." पाहुणे हसतात, मी कानकोंडा होतो.

अशा या घरात आता माझी नात जुई वाढते आहे. लेक माधवी तिला घेऊन आमच्याकडे राहते; तिचा नवरा नोकरीसाठी पनवेलला, शनिवार-रविवार येतो. जुई चौथ्या वर्षात आहे. बसली उशिरा, चालली उशिरा, बोललेली अजून नाही. ऐकू सगळं येतं, हसते छान. डॉक्टर म्हणाले, वाढ सावकाश आहे, पुढे सरकेल, पण वाट बघून नाही, करून घ्यावं लागेल. म्हणून माधवी तिला आठवड्यातून दोनदा पलीकडच्या गावातल्या एका बाईंकडे नेते. त्या बाई अशा मुलांना मणी ओवायला, चमचा धरायला, हात पुढे करून मागायला शिकवतात. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं, तिला काय हवंय ते कळलं तरी लगेच देऊ नका. समोर धरा. थांबा. बोट दाखवू दे, आवाज काढू दे, काहीही करू दे, मग द्या.

हे म्हणजे माशाला सांगण्यासारखं झालं की पोहू नकोस. जुईने पापणी हलवली की माझं केळं सोलून तयार. माधवी समोर खेळणं धरून थांबली की मला ते पोरीला छळल्यासारखं वाटे, आणि तिची पाठ वळली की मी खिशातला चिक्कू काढी. जुई माझ्या खिशाकडे नुसती बघायची. बघणं पुरायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे, कोणी तिला "नाव काय गं तुझं?" विचारलं आणि ती गप्प राहिली, की मला घाम फुटायचा. समोरच्याच्या डोळ्यांत प्रश्न उमटायच्या आत मी तिच्या मागे वाकून, आवाज बारीक करून "जुई!" असं म्हणून टाकायचो. एकदा पुण्याच्या एका बाईने शांतपणे सांगितलं, "काका, तुमचं नव्हतं विचारलं." त्या दिवशी मी जेवण वाढायला बाहेर आलो नाही.

तर एकदा आम्ही चौघं धक्क्यावर आलो, मी नेहमीसारखी सर्वांतर्फे हाक मारली. चाचा आले. बायको बसली, माधवी बसली, मी जुईला उचलून आत ठेवणार तोच चाचांनी वल्ह्याने होडी हातभर मागे सारली.

"हिची हाक कुठाय?"

होडीत आणखी माणसं होती. मी चाचांच्या कानाशी जाईन इतका वाकलो आणि अगदी दबक्या आवाजात म्हणालो, "चाचा, ती जरा... म्हणजे तिला जरा उशीर आहे."

"उशीर हाय तर हाय," चाचा खणखणीत आवाजात म्हणाले. "मला कुठं जायचंय?"

आणि ते बसले. कोळीण म्हणाली, "चाचा, माझी मासळी कुजंल रं!" एक मास्तर घड्याळ बघू लागले. सगळे जुईकडे बघत होते, आणि मी कुठे बघावं ते न कळून खेकडे बघत होतो. "अहो, लहान पोर आहे, काही दयामाया?" मी शेवटी तडकलो. "दया करायला मी काय मौलवी हाय? होडीवाला मी," चाचा म्हणाले. जुईला होडीतून पाण्यात हात सोडायला फार आवडतं. होडी समोर आहे आणि येत नाही, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिने भुवया आवळल्या आणि धक्क्यावर थाडकन पाय आपटला. "ही हाक न्हाय," चाचांनी निकाल दिला, "पण दार वाजवलंन. चल, ये." मी माधवीकडे पाहिलं, म्हटलं आता ही चाचांना चार शब्द सुनावणार. तर तिचे डोळे लकाकत होते. म्हणाली, "बाबा, यापुढे आपल्यापैकी कोणी हाक मारायची नाही. चाचा, तुम्ही थांबाल ना?"

"मी थांबतोच," चाचा म्हणाले. त्यात त्यांना विचारण्यासारखं काय होतं, तेच त्यांना कळलं नसावं.

मग सुरू झाली माझी शिक्षा. आम्ही अर्धा तास आधी निघायचो आणि धक्क्यावर मुक्याने उभे राहायचो. समोर चाचा मुक्याने बसलेले. जुई पाय आपटायची, कधी हात हलवायची, एकदा चप्पल पाण्यात फेकली. चाचा हलेनात. शेवटी दुसऱ्या कोणी हाक मारली की त्यांच्याबरोबर आम्ही जायचो, आणि जुईची हाक चाचा उधारीवर धरायचे. येणारेजाणारे विचारत, "काय, होडी बंद?" कोणी जुईकडे बघून च्च करी. तो च्च मला रात्रंदिवस ऐकू यायचा. एका सकाळी धक्क्यावर ओळखीची पाच-सहा माणसं होती, त्यात आमच्या भावकीतलेही. माधवीने त्यांनाही गप्प राहायला लावलं होतं. सगळे वाट बघत होते. आणि कोणीतरी हळूच म्हणालं, "बोलत न्हाय ती, कशाला उभं करतात?"

मी केवड्याच्या बनामागे गेलो. का गेलो ते सांगवत नाही. माधवी खाली बसून जुईच्या सँडलचा पट्टा लावत होती. मी आवाज बारीक केला, अगदी तिच्या वयाचा केला, आणि "ओऽऽ" केलं.

माधवी ताडकन उठली. तिने जुईला उचलून इतकं घट्ट धरलं की पोर कावरीबावरी झाली. मग तिने रडत रडत फोन काढला आणि नवऱ्याला लावला. "बोलली रे! जुईने हाक मारली! आत्ता, आत्ता!" माणसं हसत होती, कोणी टाळी वाजवली. मी बनाच्या काट्यांत उभा होतो. पुढे यावं आणि सांगावं, की पोटात ठेवून मरावं, हे माझं ठरायच्या आत पलीकडून चाचांचा आवाज आला. होडी जागची हललेली नव्हती.

"जावई! तुझी हाक झाली! पोरीची राहिली!"

खाडीवर आवाज फार स्वच्छ येतो. माधवीने बनाकडे पाहिलं. माझा सदरा काट्यांत अडकला होता, म्हणून मला पळताही येईना. तिच्या कानाशी फोन होता, तिकडून तिचा नवरा काहीतरी विचारत असावा. तिने जुईला खाली उतरवलं. मग म्हणाली, "नाही रे. बाबा होते."

ती मला नंतर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी धक्क्यावर जाणं सोडलं. वर वडाखाली बसायचो, तोंडात सुपारी ठेवून, म्हणजे जीभ कामात राहील. चाचा मात्र काही झालंच नसल्यासारखे घरी येऊन "जावई, पाणी दे" म्हणत, आणि मी आता ते म्हणेपर्यंत तांब्याला हात लावत नसे.

पावसाळा संपून खाडी निवळली त्या सुमाराची गोष्ट. धक्क्यावर माधवी, जुई आणि बायको, एवढीच; मी वर वडाखाली. वारा या काठाकडे होता, समोरचे सगळे आवाज इकडे येत होते, इकडचा तिकडे जाणं अवघड. जुई बराच वेळ होडीकडे बघत उभी होती. मग तिने हात तोंडाशी नेला, जसे सगळे नेतात तसा. मला वाटलं जांभई देते. मला काहीही ऐकू आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण माधवी जुईशेजारी खाली बसली, आणि पलीकडे चाचा उठले. त्यांनी लुंगी खोचली, वल्हं उचललं.

"आलो! आलो!" होडी मध्यावर येईपर्यंत ते ओरडत होते. "आलो ना, बेटी! केवढ्यानं ओरडतेस! बहिरा हाय का मी?"

त्या संध्याकाळी बायको ओट्यावर बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसली होती. मी शेजारी बसलो, दोन-चार वाल सोलले, ते तिने परत नीट सोलले. आत माधवी फोनवर नवऱ्याला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण मन कोतं असतं माणसाचं. मी म्हणालो, "ज्याने तिला कधी साधं बिस्कीट दिलं नाही, त्याला पहिली हाक. आणि मी जन्मापासून तिच्यामागे केळी सोलत फिरतोय. मला मारली असती, तर काय झालं असतं?"

बायकोने वर पाहिलं नाही. सोललेला वाल पातेल्यात टाकत म्हणाली, "तुम्हाला कशाला हाक मारील ती? तुम्ही कधी लांब असता का?"