सूरजागडच्या कड्यावर काळ्या कापडाखालून आलेली हाक

भूतखेत, चकवा, अंगात येणं... असलं काही ऐकलं की मला हसू यायचं. माझ्या जावा मला 'मोठी शहाणी' म्हणायच्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण घडलं ते घडलं.

१९५५-५६ ची गोष्ट असेल. ब्रह्मपुरीला आमचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकांना पाठीमागे डोंगराचा पडदा हवा असायचा, आणि यांच्या डोक्यात भरलं की खऱ्या डोंगराचा फोटो काढून त्यावरूनच पडदा रंगवून घ्यायचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मीही हट्टानं सोबत निघाले. बस, मग बैलगाडी, मग पायी - असे सूरजागडच्या डोंगरात पोचलो. वाट दाखवायला खालच्या गावचे दसरूभाऊ होते.

वर कड्याजवळ दगडांची एक रास होती. येणारा-जाणारा तिथं एक दगड ठेवून पुढे जातो. दसरूभाऊंनी ठेवला, मीही ठेवला. यांनी मात्र वाऱ्यात कॅमेऱ्याचा स्टँड हलू नये म्हणून त्याच राशीतले मोठे दगड झोळीत भरले आणि झोळी स्टँडला टांगली.

"साहेब, थे दगड नोका घेऊ," दसरूभाऊ म्हणाले.

"जाताना ठेवतो ना परत." फोटोपुढे हे कुणाचं ऐकतील तर शपथ.

ऊन लख्ख होतं, आणि बघता बघता ढग खाली उतरले. फोटोच्या काचेच्या प्लेटांची पेटी खालच्या झाडापाशी राहिलेली. ती भिजली तर सगळी खेप फुकट, म्हणून हे आणि दसरूभाऊ ती आणायला धावले. मी कॅमेऱ्यावरचं काळं कापड नीट करून बाजूला थांबले. धुक्यात दोन हातांपलीकडचं काही दिसेना.

थोड्या वेळानं पाहते तर कापडाखाली हे वाकलेले. फोटो घेताना वाकायचे, अगदी तसेच. म्हटलं, आले वाटतं.

"गोदू, समोर ये."

इथं एक सांगायला हवं. माझा जन्म सिरोंचाचा, म्हणून नदीवरून नाव गोदावरी, घरात गोदू. लग्नात ते बदलून सुमन झालं. यांनी तर मला सुमन म्हणूनही कधी हाक मारली नाही. 'अगं' नाहीतर 'ऐकलं का', एवढंच. इतक्या महिन्यांनी गोदू ऐकून फार बरं वाटलं. मी कॅमेऱ्यापुढे जाऊन उभी राहिले.

"थोडी मागं सर, गोदू. अजून थोडी."

आवाज यांचाच. मी पदर सावरत, हसत मागं सरकत होते.

"अगं, हलू नकोस!"

ही हाक वाटेकडून आली. तिथं हे उभे होते - चिंब भिजलेले, खांद्यावर पेटी, शेजारी दसरूभाऊ. माझ्या टाचेखालचा दगड सुटला, आणि तो खाली आपटल्याचा आवाज फार उशिरा आला. मी समोर पाहिलं. काळं कापड अजून फुगलेलंच होतं... मग आम्हा तिघांच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू खाली बसलं.

यांनी मला ओढून घेतलं. दसरूभाऊंनी झोळीतले दगड राशीवर परत ठेवले आणि हळूच विचारलं, "बाई, तुमी ओ देल्ली काय त्याले?"

"नाही."

"मंग चाला लवकर. इथी थांबाचं काम नाई."

पडदा शेवटी रंगाऱ्यानं मनानंच रंगवला. धुकं, वारा, भास... सगळं लॉजिक लावून पाहिलं. पण कापड खाली बसताना तिघांनी पाहिलं, आणि त्या डोंगरावर माझं माहेरचं नाव यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

पुढे यांच्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी हे डोक्यावरून पांघरूण घेऊन पडले होते. आतून क्षीण आवाज आला, "गोदू..." यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मला त्या नावानं हाक मारली होती.

मी ओ दिली नाही. आधी पांघरूण बाजूला करून चेहरा पाहिला.