उगाच वाजवलेला हॉर्न

आमच्या भावजींना लोक शेपूट म्हणायचे. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. दुकान शोधत कोणी आलं की तेच सांगायचे, "शेपूट मीच. बोला, सीट कुठल्या गाडीची?"

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, जेवण आमच्यातच. वर आम्ही आणि खाली त्यांचं दुकान, मोटरसायकलच्या सीटा शिवण्याचं. फाटकं रेक्झिन सोलायचं, बसका फोम काढून नवा चिकटवायचा, वरचं कापड मशीनवर शिवून ताणायचं आणि खालून पिना मारायच्या. चिकटवायच्या डिंकाचा वास आमच्या जिन्यापर्यंत येई. पाहुणे नाक मुरडत, आम्हाला कळतही नसे.

दर रविवारी सकाळी आठ-दहा जण मोटरसायकली काढून गावाबाहेर जायचे. सगळी सीटांचीच गिऱ्हाइकं. पुढे दातांचे डॉक्टर, त्यांची गाडी सगळ्यांत भारी. शेवटी भावजी. कोणी मागे पडलं, कोणाचा स्टँड खाली राहिला, कोणाच्या चाकातली हवा गेली, हे बघायचं काम शेवटच्या माणसाचं. काही दिसलं की भावजी दोनदा लांब हॉर्न वाजवायचे. त्याचा अर्थ, कोणाचं तरी काहीतरी बिघडलंय, हळू व्हा. त्यांनी तो हॉर्न कधी वायफळ वाजवला नाही. बाजारातसुद्धा नाही. मी मागे बसलेली असले आणि पुढे कोणी आडवं आलं, तर ते गाडी थांबवून "जरा बाजूला होता का" म्हणायचे. मी म्हणायची, "भावजी, बटण दिलंय ना गाडीला?" तर म्हणायचे, "ते कामासाठी आहे."

त्या टोळीत त्यांचा जिवाचा मित्र एकच, शाळेतला, पुढच्या चौकातला बेकरीवाला. गलेलठ्ठ, हसरा माणूस. दुकानात येऊन फोमच्या थप्पीवर पसरायचा आणि म्हणायचा, "माझं पीठ फुगतं, तुझा फोम फुगतो. आपला दोघांचा धंदा हवेचाच." भावजी म्हणायचे, "ऊठ, तुझं वजन पेलणारा फोम नाहीये तो." मी वरून चहा पाठवायची. त्याची बायकोही भावजींना भावजीच म्हणायची. मला ते गोड वाटायचं, एका माणसाला दोन घरं असावीत तसं.

त्या रविवारी बेकरीवाल्यानं सगळ्यांसाठी पाव घेतले होते. मोठी कापडी पिशवी, मागच्या कॅरियरला लवचिक दोरीनं बांधलेली. खाणीपाशी रस्ता वळतो तिथे दोरी सुटली. पिशवी घसरून चाकाकडे लोंबायला लागली. मागून भावजींना ते दिसलं. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. बेकरीवाल्यानं मागे वळून पाहिलं, आणि तेवढ्यात पुढचं चाक कडेच्या खडीत गेलं.

कमरेखालचं अंग गेलं. जीव राहिला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्याची बायको हातावरचं पीठसुद्धा न धुता उभी होती. भावजींनी तिला बघितलं आणि म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

असं आपण म्हणतोच. मी बोलावलं नसतं तर, मी पाठवलं नसतं तर. त्याचा अर्थ एवढाच असतो की, तुझ्या ओझ्याला माझाही हात आहे. पण तिथे एक पोलीसही उभा होता, जबाब घ्यायला आलेला. त्यानं तेवढं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

टोळीतले बाकीचे आठवड्याभरात विरघळले. डॉक्टरांनी फोनवरचा सगळ्यांचा ग्रुप मोडून टाकला. भावजी त्यांना भेटायला गेले, तर ते दारातच म्हणाले, "हे बघा, आपण काही एकत्र गेलो नव्हतो. एकाच रस्त्यानं, एकाच दिशेनं चाललो होतो. वकिलांनी असंच सांगायला सांगितलंय."

"आणि पुढे तुम्ही होतात ते?"

"पुढे कोणीतरी असतंच हो."

भावजींनी घरी येऊन हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि हसले. त्यानंतर त्यांना हसताना मी फारसं पाहिलं नाही.

विम्याचं गणित मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बेकरीवाल्याचा विमा सगळ्यांत स्वस्तातला होता. त्याच्या गाडीनं दुसऱ्याला लागलं तर भरपाई, तो स्वतः पडला तर काही नाही. कोणाची धडक नाही, समोरून कोणी आलं नाही. मग मिळणार कुठून? त्याच्या बायकोनं वकीलबाई केली होती. त्या म्हणाल्या, एकच वाट आहे. चूक दुसऱ्या कोणाची तरी निघाली पाहिजे, म्हणजे त्याच्या विम्यातून मिळेल. आणि एक माणूस तर आधीच बोलून बसलाय, माझ्यामुळे झालं म्हणून.

ती आमच्याकडे आली तेव्हा खुर्चीवर नीट टेकलीही नाही. दिवसा भट्टी बघायची, भट्टीच्या मागच्या खोलीत नवरा पडलेला, त्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात आणि ती एकटी. बेकरी विकली तर खायचं काय आणि नाही विकली तर औषध कुठून. म्हणाली, "भावजी, तुम्हीच म्हणालात ना? तेवढंच परत म्हणा. जास्त काही नको."

"म्हणतो," भावजी म्हणाले. "माझ्या विम्यातून मिळत असेल तर माझी कशाला ना असेल?"

पण तेवढ्यावर भागत नव्हतं. वकीलबाईंनी त्यांना बसवून समजावलं. सावध करायला हॉर्न वाजवला असं म्हटलं तर ती चूक ठरत नाही. काही कारण नसताना, मस्करीत वाजवला, त्यानं तो दचकला, असं यायला हवं. एकच शब्द. कशासाठी वाजवलात? उगाच.

इकडे विमा कंपनीचा माणूस दुकानात येऊन दम देऊन गेला. कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही असं तुमच्या पॉलिसीत आहे. असंच बोलत राहिलात तर कंपनी हात वर करेल आणि भरपाई तुमच्या दुकानातून जाईल. भावजींनी त्याला पाणी दिलं आणि परत मशीनवर बसले.

मग मला खालून ऐकू यायला लागलं. मशीन चालायची, थांबायची, आणि ते स्वतःशीच म्हणायचे, "उगाच." परत मशीन. परत, "उगाच." कधी मोठ्यानं, कधी पुटपुटत. तोंडात खडा आल्यासारखं.

साक्षीच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, "वहिनी, देवाला चालेल का हो हे?"

मी रोज दिवा लावणारी बाई. लहानपणापासून मला एवढंच शिकवलंय की खोटं बोलू नये. मी म्हणाले, "तुम्ही बोला. त्याचं काय ते माझ्याकडे. मी सांगेन त्याला." त्या संध्याकाळी देवापुढे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं मागितलं. म्हटलं, उद्या ह्या माणसाच्या तोंडून एक शब्द खोटा निघू दे, एवढी कृपा कर.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. बेकरीवाल्याची बायको पुढच्या बाकावर होती. तिच्या वकीलबाईंनी विचारलं, "हॉर्न कशासाठी वाजवलात?"

"उगाच," भावजी म्हणाले. स्पष्ट म्हणाले. मी डोळे मिटून मनात हात जोडले.

मग कंपनीचे वकील उठले. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "तुम्ही नेहमी शेवटी असायचात ना? शेवटच्या माणसाचं काम काय असतं?"

"पुढच्यांवर लक्ष ठेवायचं."

"नीट ठेवायचात?"

"हो."

त्यांनी पडलेल्या गाडीचा फोटो पुढे केला. पिशवी चाकाशी अडकलेली, पाव रस्त्यावर पसरलेले. "एवढी मोठी पिशवी लोंबत होती. ती तुम्हाला दिसली नाही? इतकी वर्षं मागे राहून काय बघत होतात मग?"

भावजींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "न दिसायला काय झालं?" ते म्हणाले. "दिसली. म्हणून तर वाजवला."

वकील खाली बसले, त्यांना आणखी काही विचारायचंच नव्हतं. भावजींना काय झालं ते क्षणभर उशिरा कळलं. ते घाईघाईनं म्हणाले, "नाही, पण झालं ते माझ्यामुळेच. मी वाजवला नसता तर तो वळला नसता." पण ते आता कोणी लिहून घेतलं नाही.

भरपाईचा अर्ज फेटाळला गेला. निकालात म्हटलं होतं की चूक कोणाचीच नाही. ऐकायला किती बरं वाटतं. पण चूक कोणाचीच नसली की जबाबदारीही कोणाची नसते, आणि बेकरी विकायची वेळ एकाच बाईवर येते.

मी देवावर रुसले नाही. खोटं मागितलं होतं, त्यानं दिलं नाही. पण दिवा लावताना पूर्वी मी त्याच्याशी चार शब्द बोलायचे, ते आता होत नाही.

पुढे कोणाकडून तरी कळलं की बेकरीवाल्याला चाकाच्या खुर्चीत बसवतात, पण बसण्याच्या जागी जखमा होतात. भावजींनी गिऱ्हाइकांच्या सीटा बाजूला सारल्या आणि खुर्चीची गादी करायला घेतली. खाली कडक फोम, मध्ये मऊ, वर आणखी मऊ. शिवण टोचू नये म्हणून सगळी कडेला नेलेली. स्वतः तिच्यावर बसून पाहायचे, उठायचे, परत उसवायचे. झाली तेव्हा म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. बाईमाणूस दिसलं की दार उघडतं."

दार उघडलं. बेकरी तोवर दुसऱ्याच्या नावावर झाली होती, मागची खोली तेवढी भाड्यानं राहिली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग गादीकडे. घेणार नाही असं मला वाटलं, पण घेतली. हातानं दाबून पाहिली.

आतून त्याचा आवाज आला. बारीक झालेला, पण तोच. "कोण आहे गं?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "सीटवाला."

आणि तिनं दार लोटलं. आपटलं नाही, हळूच लोटलं.

परत येताना भावजी माझ्या मागून चालत होते, नेहमीसारखेच. अर्ध्या वाटेत मला वाटलं त्यांनी हाक मारली, म्हणून मी मागे वळले. त्यांनी मारली नव्हती.

"पुढे बघून चाला, वहिनी," ते म्हणाले.