आधी कान, मग हात

पेशंट समोर कण्हत असताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहणाऱ्या डॉक्टर मी एकट्याच पाहिल्या, देसाई मॅडम! हिंजवडीजवळच्या जांबे गावात आमच्या भाड्याच्या खोल्यांखाली त्यांचा फिजिओथेरपीचा दवाखाना. हिंजवडीची लॅपटॉपवाली पोरं वाकड्या माना घेऊन येत आणि मॅडम आधी प्रश्नांची फैर झाडत. पडलात? गाडीची धडक बसली? हाताला मुंग्या? वय किती? उत्तरं मनासारखी आली, की मगच हात पुढे येत. "आधी कान, मग हात. मान म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे, धरली की फिरवली?"

एका सकाळी आमचे सत्तरी ओलांडलेले चुलते, आप्पा, मान खांद्यात रुतवून आले. मागून काकू, वहाणा आपटत.

"पडलात का आप्पा?"

"न्हाई वो. उशी बदलली, येवढंच. द्या एक झटका. आमचा न्हावी दाढी झाली की फुकट मान मोडतो."

मॅडमनी आप्पांकडे पाहिलं, मग काकूंकडे. "काकू, जरा बाहेर बसता?"

"म्हंजी? नवऱ्याच्या मानंचं मला कळू नये व्हय?" काकू फणकारत गेल्या. मी मात्र कोपऱ्यात चिकटून राहिलो. असला तमाशा कोण सोडतो!

दार लागलं आणि मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आप्पांचा आवाज एकदम खाली आला. "टाकीच्या शिडीवरनं पडलोय. हिनं चढायचं न्हाई म्हून शपथ घातली हुती. सांगू नका तिला."

"मान हलवू नका!" मॅडम कडाडल्या. "पासष्टीच्या पुढचं वय, त्यात उंचावरून पडलेले. यातलं एक असलं तरी आधी एक्स-रे फोटो, बाकी सगळं नंतर." त्यांनी आप्पांना अलगद आडवं केलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

"येवढ्या शिकल्या, अन् मान मोडता येईना!" आप्पा छताला सांगत होते.

फोटोत मानेचा मणका मोडलेला निघाला. झटका बसला असता तर हातपाय कायमचे जाऊ शकले असते, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. काकूंना सगळं कळलं. त्या भांडल्या नाहीत. आप्पांना ते मणक्यापेक्षा जड गेलं.

हाड जुळलं, मानेचा पट्टा निघाला, तेव्हा आप्पा व्यायामाला आले. मॅडमनी सांगितलं तशी मान हळूहळू डावीकडे वळली, मग उजवीकडे. मॅडम एकाएकी आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेल्या.

"काय झालं वो?"

"त्या दिवशी मला घाम फुटला होता, आप्पा. तुम्ही नीट परत याल की नाही, मला माहीत नव्हतं."

"मंग बोलायचं की बाई! दोघं मिळून घाबरलो असतो."