एक्सप्रेस मावशीचा उजवा पाय

हॉस्पिटलच्या टायपिंगच्या खोलीत सगळे तिला एक्सप्रेस मावशी म्हणायचे. डॉक्टर लोक रेकॉर्डरवर बोलून ठेवतात, इथे गाठ, तिथे सूज, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि धडाधड टाइप करायचं, हे तिचं काम. बोटं कीबोर्डवर आणि उजवा पाय टेबलाखालच्या पेडलवर. पेडल दाबलं की डॉक्टर बोलणार, सोडलं की गप्प, टाचेने दाबलं की मागे जाऊन तेच पुन्हा सांगणार. एवढ्या मोठमोठ्या डॉक्टरांना पायाने गप्प करणारी या अख्ख्या बिल्डिंगमध्ये मी एकटीच, असं ती ऐटीत सांगायची.

आणि मग तिला अर्धांगाचा झटका आला. हलकाच होता म्हणे, पण नेमकी उजवी बाजू गेली. पाय नुसता लाकडासारखा. मेंदू म्हणायचा उचलला, आणि बघावं तर पाय जागच्या जागी. लेकीने हाताला धरून खोलीतल्या खोलीत चालवून चालवून तिला उभं केलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता जा कामावर, पण पायात काही वेगळं वाटलं तर तसंच इकडे यायचं, अंगावर काढायचं नाही.

ती कामावर आली तर तिचा कॉम्प्युटरच गायब. टेबलावर नवीन स्क्रीन आणि त्याच्या मागे डब्याएवढी एक काळी पेटी, ना आवाज ना पंखा. कॉम्प्युटर कुठे गेला विचारलं, तर कॉम्प्युटरवाले भाऊ म्हणाले की आता सगळ्यांचे कॉम्प्युटर खाली तळघरात एका मोठ्या मशीनमध्ये आहेत, ही पेटी म्हणजे नुसती खिडकी. मावशीने मान डोलावली. कळलं शून्य. माझा कॉम्प्युटर तळघरात आणि मी तिसऱ्या मजल्यावर, मग मी नक्की बसलेय कुठे?

तरी तिने आपलं जुनं पेडल काढलं, वाकायला नको म्हणून त्याची वायर स्क्रीनच्याच कडेला असलेल्या भोकात खुपसली, हेडफोन लावला आणि पाय दाबला.

काहीच नाही.

पुन्हा दाबला. डॉक्टर ढिम्म. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं, बूट पेडलवरच होता. पाय म्हणतोय दाबलं, कान म्हणतोय नाही दाबलं. आता विश्वास ठेवायचा कुणावर? तिने दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटला, तरी तेच. हे असंच तर व्हायचं तेव्हा.

तिने कॉम्प्युटरवाल्या भाऊंना फोन लावला. त्यांनी आपल्या जागेवरूनच बघितलं आणि म्हणाले, "मावशी, तुमच्याकडून इकडे काहीच येत नाहीये."

ते बोलत होते पेडलबद्दल. तिने ऐकलं पायाबद्दल.

तिने फोन ठेवून दिला. माउसने चालू-बंद, चालू-बंद करत कसंबसं टाइप करायला लागली. गाडी एक्सप्रेसची पार बैलगाडी झाली. समोरच्या पार्टिशनपलीकडे नवीन लागलेली टायपिस्ट होती, सगळे तिला बडबडी म्हणायचे. ती सकाळपासून कुरकुरत होती की तिचं रेकॉर्डिंग मनाला येईल तसं चालतंय. तिच्याकडे पेडलबिडल नव्हतं, ती सगळं कीबोर्डवरच करायची. पण मावशीला दुसऱ्याचं ऐकायला डोकं कुठे होतं? लेकीचा फोन आला, तर सगळं छान चाललंय म्हणून ठेवून दिला. डबा उघडलासुद्धा नाही. खाली जाऊन डॉक्टरांना सांगायला हवं हे कळत होतं. पण सांगितलं की नोकरी गेली, पुन्हा ती कॉट, पुन्हा लेकीची रजा. आणि नाही सांगितलं तर?

शेवटी तिने बूट काढला. अनवाणी पाय पेडलवर ठेवला. प्लॅस्टिक गार लागलं. म्हणजे कळतंय तर. मग ती वेड्यासारखी पाय आपटतच सुटली, दाब सोड, दाब सोड.

पार्टिशनवरून बडबडीचं डोकं वर आलं.

"मावशी, आता तर माझे डॉक्टर तोतरेच बोलायला लागले हो."

मावशीचा पाय थांबला.

"आणि आता गप्प झाले," बडबडी म्हणाली.

मावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तू खाली बस. हेडफोन लाव. आणि काय होतंय ते मला सांग."

तिने पाय दाबला. पलीकडून आवाज आला, "बोलतायत." सोडला. "गप्प." टाच दाबली. "अय्या, मागे गेले."

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. बडबडी धावत आली, अहो मावशी, रेकॉर्डिंग माझं बिघडलंय, रडताय तुम्ही?

कॉम्प्युटरवाले भाऊ आले, टेबलाखाली शिरले आणि धुळीने माखून बाहेर आले. म्हणाले, पेडल तुम्ही स्क्रीनला लावलंत, आणि स्क्रीनच्या त्या भोकाची वायर, चित्राची नव्हे, बसवणाऱ्यांनी हिच्या पेटीत घुसवलीय. म्हणून खालच्या मशीनने तुमचं पेडल हिच्या कॉम्प्युटरला देऊन टाकलं. मावशीच्या डोक्यावरून गेलं सगळं. तिने एकच विचारलं.

"म्हणजे मी दाबत होते ना?"

"सकाळपासून दाबताय."

"नीट?"

"आता ते मी कसं सांगू मावशी? पण हिला विचारा, वैतागलीय बिचारी."

भाऊंनी पेडल थेट काळ्या पेटीला लावून दिलं. मावशीने आधी लेकीला फोन लावला. आता लपवायचं काही नव्हतं, सगळं भडाभडा सांगत सुटली, की पाय गेला असं वाटलं, पण गेला नव्हता, तो पलीकडे चालत होता, माझा कॉम्प्युटर तळघरात आहे आणि माझ्या पायाने दुसरीचे डॉक्टर बोलत होते.



"आई," लेक हळूच म्हणाली, "तू आत्ता कुठे आहेस ते मला नीट सांगशील?"

"तेच तर मला सकाळपासून कळत नाहीये गं," मावशी म्हणाली आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेचना.

"जागची हलू नकोस. मी निघालेय."