खडीवरची शाळा

भाजक्या पिठाचा वास आला की दुष्काळी कामावर वाटायची ती सुकडी आठवते. मी तेव्हा जळकोटजवळच्या शाळेत नवी बाई होते. पत्र्याच्या तापलेल्या वर्गात आम्हा शिक्षकांची बैठक होती, आणि हजेरी कशी वाढवावी यावर तालुक्याचे साहेब दोन तास बोलत होते. शेवटी आमचे हेडमास्तर उठले. “साहेब, पोरं आईबापासंगं खडी फोडायला गेलीत. शाळाच तिकडं न्यावी म्हणतो.” “तशी तरतूद नाही,” म्हणून साहेब पुन्हा हजेरीच्या तक्त्याकडं वळले. माझं डोकंच उठलं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी सायकलला फळा बांधला अन् दुष्काळी कामावर निघाले, मीही गेले. लिंबाखाली वीसेक पोरं बसली, हातांना फोड आलेली, तरी पाढे म्हणत होती. आठवड्यात हेडमास्तरांना नोटीस आली, शाळेत गैरहजर राहिल्याची. पुढं मी स्वतः मुख्याध्यापिका झाले, निवृत्तही झाले, पण तो संताप काही अजून गेलेला नाही.